धारासनाचा सत्याग्रह

मीठ नसेल तर गरिबाची भाकरी अळणी होते. परंतु इंग्रजी अमदानीत मिठावर कर असे, आणि समुद्रकाठच्या रहिवाशालाही स्वतः मीठ तयार करण्याची मोकळीक नव्हती. हा अन्यायी कायदा मोडण्यासाठी १२ मार्च १९३० रोजी महात्मा गांधी साबरमतीच्या आश्रमातून पायी निघाले. ६ एप्रिल रोजी दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी चिमूटभर मीठ उचलले आणि देशभर कायदेभंगाची लाट उसळली.

गुजरातेत धारासना येथे मोठे मिठागर होते. तेथील मीठ ताब्यात घेण्याचा संकल्प गांधीजींनी जाहीर केला. सरकारने मे महिन्याच्या आरंभीच त्यांना अटक केली. त्यांच्या जागी आलेले वृद्ध अब्बास तय्यबजी हेही लवकरच पकडले गेले. तेव्हा सरोजिनी नायडू यांनी नेतृत्वाची धुरा स्वीकारली.

२१ मे रोजी सकाळी सुमारे अडीच हजार सत्याग्रही प्रार्थनेसाठी जमले. सरोजिनीबाईंनी त्यांना बजावले की, मार बसेल, पण प्रतिकार करावयाचा नाही; घाव चुकविण्यासाठी हातही वर करावयाचा नाही.

मिठागराभोवती खंदक व काटेरी तारांचे कुंपण होते. तेथे शेकडो शिपाई लाठ्या सरसावून उभे होते. गांधीजींचे पुत्र मणिलाल सत्याग्रहींच्या अग्रभागी होते. पहिली तुकडी कुंपणाजवळ येताच लाठ्या बरसू लागल्या. डोकी फुटली, खांदे मोडले, शुभ्र वस्त्रे रक्ताने माखली. परंतु एकही हात वर झाला नाही. जखमींना उचलून नेताच दुसरी तुकडी पुढे निघाली. आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे, हे तिला स्पष्ट दिसत होते. तरीही तिचे पाऊल अडखळले नाही.

वेब मिलर नावाचा अमेरिकन वार्ताहर हे दृश्य पाहत होता. त्याने रुग्णालयात जाऊन ३२० जखमी मोजले. दोघांनी प्राण सोडला होता. त्याचे वृत्त देशोदेशी छापले गेले आणि इंग्रजी राज्य कशाच्या बळावर चालते, हे जगाला कळले.

मिठागर त्या दिवशी हाती आले नाही. मिठावरील कर १९४७ मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. मारणाऱ्याचे बळ त्याच्या लाठीत असते. लाठी मोडली की ते संपते. मार सोसूनही ज्याचा हात उठत नाही आणि पाऊलही मागे सरत नाही, त्याचे बळ हिरावून घेणे कोणत्याही सत्तेला शक्य होत नाही.