घोड्याची लीद आणि शाळेची हिरवळ

आमच्या निवासी शाळेत येणाऱ्या पाहुण्यांचे लक्ष प्रथम विहारासमोरील हिरवळीकडे जाते. वंदनेनंतर मुले जेथे पाठांतरास बसतात, ती ही जागा काही वर्षांपूर्वी उजाड होती. वसतिगृहाचा पाया खोदताना निघालेला मुरूम तेथेच पसरला गेला होता. त्यावर दोन वेळा हरळी लावली आणि दोन्ही वेळा ती उन्हाळ्यात करपली. पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाई आणि चैत्रात जमीन फरशीसारखी कडक होई. ‘या जागेचा गुणच असा,’ असा निर्वाळा अनेकांनी दिला. इतिहास शिकविणाऱ्या आम्हांस तो पटला नाही. एखाद्याची लादलेली अवस्था पाहून तोच त्याचा जन्मजात गुण ठरविण्याची चूक आपल्या समाजाने माणसांच्या बाबतीतही केलेली आहे.

माती म्हणजे खडकाचा भुगा, हवा, पाणी आणि कुजलेल्या वनस्पती व जीवजंतूंचा अंश. मुरमात पहिला घटक विपुल असतो, शेवटचा जवळजवळ नसतो. हा सेंद्रिय अंश मातीचे कण एकमेकांशी बांधतो, पाणी धरून ठेवतो आणि गांडुळांना व सूक्ष्म जीवांना अन्न पुरवितो. रासायनिक खताने गवताला पोषण मिळेल, परंतु जमिनीला पाणी धरण्याची शक्ती येणार नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात हेच दुखणे ओळखले होते. डोंगरावरील पालापाचोळ्याचे आणि मेलेल्या जीवजंतूंचे सत्त्व पावसाबरोबर वाहून न जाता शेतात मुरावे, यासाठी ताली व बंधारे बांधावेत, असे त्यांनी सरकारला सुचविले होते.

गेलेले सत्त्व परत आणण्याचे दुसरे उदाहरण एकोणिसाव्या शतकातील पॅरिस शहराचे आहे. तेथील वाहतूक घोड्यांवर चाले. शहराच्या कडेचे भाजीपाला पिकविणारे माळी तबेल्यांतील लीद आणून तिच्या उबेवर थंडीतही भाजी काढीत. क्रोपोटकिन यांनी १८९९ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे की, भाडेपट्टा संपल्यावर ठरावीक खोलीपर्यंतची माती बरोबर नेण्याचा हक्क हे माळी करारातच लिहून घेत. ती माती त्यांनी स्वतः घडविलेली होती, म्हणून ती त्यांची होती.

आमच्या शाळेजवळ वरातीचे घोडे पाळणाऱ्या एका गृहस्थांचा तबेला आहे. लीद कोठे टाकावी ही त्यांची अडचण होती आणि शेणखत विकत घेण्याची ऐपत नसणे ही आमची. गाय-म्हैस रवंथ करते, तिचे पोट चार कप्प्यांचे असते, त्यामुळे चारा पुष्कळसा पचतो. घोडा रवंथ करीत नाही. त्याच्या चाऱ्याचे आंबणे मोठ्या आतड्यात होते आणि बरेच तंतू व गवताचे बी न पचताच बाहेर पडते. म्हणून लीद मोकळी व भुसभुशीत असते, तिच्या ढिगात हवा खेळते आणि ती लवकर तापते. मात्र ताजी लीद हिरवळीवर टाकल्यास अमोनियाने गवत जळते व तणही माजते. ती कुजविणे अनिवार्य आहे.

आम्ही लीद आणि तबेल्यातील भुसा यांचा सुमारे सव्वा मीटर उंच ढीग सावलीत रचला. मुठीत दाबल्यास एखाद-दुसरा थेंब पडावा, इतकाच ओलावा ठेवला. ढिगाचा गाभा ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. या उष्णतेत तणाचे बहुतेक बी मरते, म्हणून बाहेरचा थर आत जाईल अशा रीतीने ढीग पुनःपुन्हा चाळवावा लागतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांकडून रोजच्या तापमानाचा आलेख काढून घेतला. चार महिन्यांनी ढीग थंड झाला, खत काळसर झाले आणि त्याला ओल्या मातीचा वास येऊ लागला. ते चाळून आम्ही चार-पाच सेंटिमीटरचा थर पसरला, कुदळीने वरच्या पंधरा सेंटिमीटर जमिनीत मिसळला, लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढल्या आणि मृगाच्या पावसात हरळीची मुळे लावली. आता वर्षातून एकदा, जमिनीला काट्याने भोके पाडून, अर्ध्या सेंटिमीटरचा थर खराट्याने पसरतो. अधिक जाड थराने गवत गुदमरते.

या कामात आमच्याकडून एक चूक घडली आणि ती येथे नोंदविणे आम्ही कर्तव्य समजतो. प्रारंभी लीद वाहण्याचे काम आम्ही वंदनेला उशिरा येणाऱ्या मुलांना शिक्षा म्हणून दिले होते. भेटीच्या रविवारी एक पालक आले. मुलाच्या डोक्यावर पाटी पाहून ते थबकले आणि म्हणाले, “जयभीम, गुरुजी. आमच्या बापानं जलमभर गावाची घाण वाहिली. पोराला हितं शिकाया घातलं, तर त्यो बी पाटीच उचलतोय व्हय?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे की, जातिव्यवस्था केवळ कामे वाटून देत नाही. ती काम करणाऱ्यांनाच उच्चनीच थरांत विभागते आणि निवडीचा अधिकार काढून घेते. वर्गात हे शिकविणारे आम्ही मैदानावर तेच करीत होतो. श्रम हलके नव्हते. ते शिक्षा म्हणून लादण्यात हलकेपणा होता.

काम आठवडाभर थांबविले आणि शिक्षकसभेत नवे नियम ठरले. ढिगाचे काम कोणालाही शिक्षा म्हणून द्यावयाचे नाही. मुख्याध्यापकांपासून सर्व शिक्षकांनी पाळीप्रमाणे फावडे धरावयाचे. विद्यार्थ्यांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांनीच यावयाचे. डोक्यावरची पाटी बंद झाली, ढकलगाडी आली. धनुर्वाताचे जंतू लिदेत व मातीत असू शकतात, म्हणून लस, बूट, हातमोजे आणि शेवटी साबणाने हात धुणे सक्तीचे झाले. त्या पालकांना हे सर्व पत्राने कळविले. पुढच्या भेटीत त्यांनी ढीग पाहिला, आलेख मुलाकडून समजून घेतला आणि पाळीच्या तक्त्यावर आमचे नाव आहे की नाही, हेही पाहून घेतले.

नळाजवळचा तुकडा अजून उजाड आहे. त्याच्यासाठी स्वयंपाकघरामागे नवा ढीग कुजत आहे आणि या महिन्यात तो चाळवण्याची पाळी आमची आहे.