लहान ट्रॅक्टरची निवड

ट्रॅक्टर घेताना पुष्कळजण प्रथम अश्वशक्ती विचारतात. वस्तुतः अवजारे आधी ठरवावीत. घराशेजारच्या दोन-तीन एकरांत फळबाग असेल, तर ओळींमधील अंतर मोजून घ्यावे. ट्रॅक्टर आणि त्यामागील रोटाव्हेटर यांपैकी जे अधिक रुंद असेल ते झाडांना न घासता गेले पाहिजे, व ओळीच्या टोकाला वळण्यास जागा उरली पाहिजे. नाशिककडील द्राक्षबागांत अरुंद ट्रॅक्टर रुळले ते याच कारणाने.

जाहिरातीतील अश्वशक्ती बहुधा इंजिनाची असते. रोटाव्हेटर किंवा फवारणी यंत्र फिरते ते मात्र ट्रॅक्टरच्या मागील पी.टी.ओ. दंडावर, सामान्यतः मिनिटाला ५४० फेऱ्यांनी. आणि तेथवर पोहोचणारी शक्ती इंजिनाच्या शक्तीहून कमीच भरते. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर-चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात ही शक्ती, इंधनाचा खर्च व अवजार उचलण्याची क्षमता मोजून दिलेली असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागावा. कर्ज काढून घ्यावयाच्या वस्तूबाबत संकोच परवडत नाही.

जमीन उताराची असेल तर अरुंद ट्रॅक्टर कलंडण्याचा धोका अधिक. मागील चाकांमधील अंतर वाढविता येते किंवा कसे, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.