केस गळणे : चाई, नायटा आणि आपले गैरसमज




मागच्या सत्रात सातवीतला एक मुलगा सलग अकरा दिवस शाळेत आला नाही. घरून निरोप आला की ताप आहे. ताप नव्हता. त्याच्या आधल्या सोमवारी तो प्रार्थनेला टोपी घालून उभा होता आणि नियमाप्रमाणे मी स्वतः ती काढायला लावली. कानाच्या वर एका जागी केस नव्हते, जुन्या एक रुपयाच्या नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा. मुले हसली. दुसऱ्या दिवशी एका पालकांनी येऊन आपल्या मुलाचा बाक बदलून मागितला आणि आमच्या वर्गशिक्षकांनी तो बदलूनही दिला. टोपी मी काढायला लावली, तेव्हा या लेखाची सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

त्या मुलाला चाई पडली होती. चाईला संस्कृतात इंद्रलुप्त म्हणतात. आपल्या शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणा चुकून केसांच्या मुळांनाच शत्रू समजते आणि केस एका जागचे गळून पडतात. त्यात जंतू नाही, कीड नाही. एका बाकावर बसल्याने, एकच कंगवा वापरल्याने किंवा एका ताटात जेवल्याने चाई दुसऱ्याला होत नाही. लहानसा चट्टा असेल तर बऱ्याच मुलांचे केस वर्षभरात आपोआप परत येतात. डॉक्टर लावायला मलम देतात, मोठ्यांना त्या जागी बारीक इंजेक्शनेही देतात. फार पसरलेल्या चाईसाठी आता गोळ्याही निघाल्या आहेत. अमेरिकेत २०२२ साली मोठ्यांसाठी आणि २०२३ साली बारा वर्षांवरील मुलांसाठी अशा गोळ्यांना मान्यता मिळाली. पण त्या महाग आहेत आणि तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय घ्यायच्या नाहीत.

या मुलाच्या घरी काय झाले ते सांगते, त्यांच्या परवानगीने. आजींनी सियागंजातून बिब्बे आणून त्यांचे तेल काढले आणि चट्ट्यावर चोळले. बिब्बा उतला. कानापासून मानेपर्यंत फोड आले, डोळा सुजला. अकरा दिवसांतले आठ दिवस या फोडांचे होते, चाईचे नव्हते. आजींचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या लहानपणी हाच उपाय होता. पण बिब्ब्याचे तेल कातडी जाळते, हे वाण्याकडचा हमालसुद्धा जाणतो. म्हणून तो बिब्ब्याची पोती उघड्या अंगाने उचलत नाही.

आपली शाळा किराणा बाजारात आहे. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, माका, जटामांसी हे सारे आपल्या दारात मिळते आणि अनेक पालकांची रोजीरोटीच त्यावर आहे. तेव्हा कोणी गैरसमज करून घेऊ नये. शिकेकाई-रिठ्याने केस स्वच्छ होतात, तेलाने मऊ राहतात, कमी तुटतात. मीही आठवड्यातून एकदा शिकेकाईनेच न्हाते. परंतु मेलेले मूळ तेलाने जिवंत होत नाही, हे ग्राहकाला प्रामाणिकपणे सांगणारा दुकानदार मला जास्त आवडतो.

(माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. हिंदीत टकलाला ‘गंज’ म्हणतात, मराठीत लोखंडाला चढतो तो गंज, आणि सियागंजातला ‘गंज’ फारसी, म्हणजे बाजार किंवा खजिना. मुलांनी यावरून त्या मुलाला चिडवले होते. तेव्हा तिन्ही अर्थ फळ्यावर लिहून मी सातवीचा एक तास त्यातच घालवला.)

चाईसारखा दिसणारा, पण खरोखर पसरणारा आजार म्हणजे डोक्यातला नायटा. ही बुरशी आहे. चट्ट्यावर कोंड्यासारखे पापुद्रे असतात, खाज येते, केस मुळाशी तुटून काळे ठिपके दिसतात. चाईचा चट्टा मात्र साफ, गुळगुळीत असतो. नायटा टोपी, कंगवा, टॉवेल यांतून पसरतो, मांजराच्या पिल्लांपासूनही लागतो. तो नुसत्या मलमाने किंवा शाम्पूने जात नाही, कारण बुरशी केसाच्या आत मुळापर्यंत शिरलेली असते. पोटात घ्यायचे औषध सहा-आठ आठवडे द्यावे लागते आणि वरून खपल्या गेल्या तरी मध्येच सोडायचे नसते. औषध सुरू झाले की मुलाने शाळेत यावे. बाक बदलण्याची गरज तिथेही नाही, फक्त टोपी-कंगवा वेगळा ठेवावा. कोंडा आणि उवा यांबद्दल आपण सगळेच जाणतो, त्यामुळे विस्तार करत नाही. एवढेच सांगते की उवा झाल्या म्हणजे घर घाणेरडे आहे असे नव्हे, आणि रॉकेल डोक्यावर ओतणे हा उपचार नाही.

आता मुलींच्या वेण्यांविषयी. दोन घट्ट वेण्या, वर दुमडून रिबिनी, हा आपल्या शाळेचा जुना नियम. वर्षानुवर्षे केस रोज घट्ट ओढले गेले तर कपाळाजवळची आणि कानशिलाची मुळे ताणाने सुटतात. वेळेवर सैल केले तर केस परततात, फार वर्षे गेली तर नाही. घट्टपणा हा शिस्तीचा भाग नाही, असे मला आता वाटते.

मातापालक मला विचारतात की आंघोळीच्या वेळी हातात केस येतात, काय करावे? आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले रोज पन्नास ते शंभर गळणे हे स्वाभाविक. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपण यांचा धक्का बसला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. तोपर्यंत आपण ताप विसरलेले असतो आणि दोष नव्या शाम्पूला देतो. कोविडनंतर हे घरोघरी झाले. असे केस बहुधा परत येतात. मुलगी फिकी दिसत असेल तर मात्र रक्त तपासून घ्यावे, लोह कमी असले तरी केस गळतात. वडिलांचे टक्कल हा वेगळा विषय. तिथे मिनॉक्सिडिलसारखी औषधे आहेत, ती लावत असेपर्यंतच गुण राहतो. मुलांच्या डोक्याला ती घरच्या घरी लावू नयेत.

केस गळण्याचे कारण डोक्यावर नसून ताटात असू शकते, याचे उदाहरण आपल्या ओळखीच्या भागातलेच आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जातात. त्याच शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात लोकांचे केस हातात येऊ लागले आणि काही दिवसांतच टक्कल पडू लागले. बुलढाणा जिल्ह्यातील अठरा गावांत पावणेतीनशेहून अधिक लोकांना हा त्रास झाला. आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तेथे गेले. विंचूदंशावरील उपचाराच्या संशोधनासाठी त्यांचे नाव जगभर आहे, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम हे मूलद्रव्य फार वाढलेले आढळले, आणि रेशनवरच्या गव्हातही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तपासणीतही रक्तात सेलेनियम जास्त निघाले. गव्हाच्या निष्कर्षावर मतभेद झाले. परंतु तो गहू खाणे थांबवल्यावर काही आठवड्यांत केस पुन्हा उगवू लागले, असे डॉ. बावस्करांचे निरीक्षण आहे.

नववी-दहावीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे. गव्हाच्या नमुन्यात किलोमागे सुमारे १४.५ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. एका माणसाने दिवसाला पाव किलो गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या तर पोटात गेले साधारण ३६०० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला रोज लागते सुमारे ५५ आणि सहन होते ४०० पर्यंत. म्हणजे मर्यादेच्या नऊपट. आणि गंमत अशी की कोंड्यावरच्या काही शाम्पूंमध्ये हेच सेलेनियम, सेलेनियम सल्फाइडच्या रूपात, औषध म्हणून असते. म्हणून टीव्हीवर पाहून ‘केसांच्या गोळ्या’ आणू नका. अमेरिकेत २००८ साली एका पूरक औषधात चुकून दोनशेपट सेलेनियम पडले आणि दोनशेवर लोक आजारी झाले. त्यांतल्या बहुतेकांचे केस गळले.

बुलढाण्याच्या बातम्यांत मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट वेगळीच होती. कॉलेजच्या मुलामुलींनी लाजेने मुंडण करून घेतले, शिक्षण अडले, ठरलेली लग्ने अडचणीत आली. गव्हाने केस नेले, बाकीचे माणसांनी नेले.

विश्वस्त मंडळाकडे मी तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर प्रार्थनेतही टोपी किंवा रुमाल चालावा. वेण्या सैल चालाव्यात, एक वेणीही चालावी. केसांच्या कारणाने कोणाचाही बाक बदलू नये. पालकांनी डोक्यावर चट्टा दिसताच मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावे. आपल्यासाठी एम.वाय. अस्पताल काही फार दूर नाही.

तो मुलगा आता रोज येतो. चट्ट्यावर केस आले आहेत, पण पांढरे. चाईत पुष्कळदा आधी पांढरेच येतात, काळे नंतर. वर्गात त्याला ‘आजोबा’ म्हणतात. मी रागवायला गेले, तर तोच म्हणाला, “मॅडम, राहू द्या, हे नाव मीच ठेवले आहे.”