समुद्री शेवाळाचं सॅलड पेठेत कसं करावं?

प्रश्न : नाशिकच्या एका हॉटेलात समुद्री शेवाळाचं सॅलड खाल्लं. कुरकुरीत, आंबटगोड, वर तीळ. घरात सगळ्यांना आवडलं, पण वाटीभराचा भाव परवडणारा नाही. घरी स्वस्तात करता येईल का? आमच्या ओहोळातलं शेवाळ चालेल का?
— एक वाचक, पेठ (जि. नाशिक)

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : ओहोळातलं शेवाळ मुळीच खाऊ नका. गोड्या पाण्यातल्या शेवाळात नीलहरित जीव मिसळलेले असू शकतात. त्यांतल्या काहींचं विष यकृताला इजा करतं आणि ते उकळूनही जात नाही. पाणी कितीही नितळ दिसलं तरी हा धोका पत्करू नये.

सॅलड मात्र घरी होतं, आणि छान होतं. हॉटेलातल्या सॅलडात मुख्य असतं वाकामे. हे जपान-कोरियाकडचं समुद्री शेवाळ मुळात तपकिरी. उकळत्या पाण्यात पडलं की हिरवं होतं. तो भडक हिरवा रंग मात्र पुष्कळदा वरून घातलेला असतो. पुढच्या वेळी नीट पाहा, त्यात काचेसारखे पारदर्शक धागेही दिसतील. ते अगरचे, म्हणजेच किराणा दुकानातल्या चायना ग्रासचे. तेही लाल समुद्री शेवाळापासूनच बनतं. तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर बायका बुड्या मारून असं शेवाळ खडकांवरून काढून आणतात.

आपण चायना ग्रास उकळून, विरघळवून त्याच्या वड्या पाडतो. सॅलडसाठी ते उकळायचं नाही, हीच यातली मेख. धाग्यांचं पाकीट आणा. पूड चालणार नाही. दहा ग्रॅम चौघांना पुरे. कात्रीनं दोन-दोन इंचांचे तुकडे करून गार पाण्यात अर्धा तास भिजवा. धागे फुगतात, मऊ होतात, पण दाताखाली करकरतात. मग घट्ट पिळून घ्या.

हिरवेपणासाठी पहिल्या पावसानंतर बाजारात येणारी फोडशी घ्या. पानं लांब आणि निमुळती असल्यामुळे सॅलडात शोभतात. बुडाची माती धुऊन टाका, मधला कडक दांडा काढा, पानं उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात टाका आणि पिळा. फोडशीचा हंगाम नसेल तेव्हा काकडीच्या लांब चिरी चालतात.

आता चव. एक मोठा चमचा सोया सॉस, अर्धा चमचा व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून, एक लहान चमचा साखर, किसलेलं आलं, थोडी कुटलेली लाल मिरची. जपानी तांदळाचं व्हिनेगर सौम्य असतं, आपलं पांढरं झणझणीत. म्हणून ते पातळ करायचं. सोया सॉस खारट असतो, वेगळं मीठ नको. हॉटेलातला तो खमंग वास भाजलेल्या तिळांच्या तेलाचा. ते महाग पडतं आणि आपलं नेहमीचं तिळाचं तेल न भाजलेल्या तिळांचं असतं. त्याऐवजी तीळ तडतडेपर्यंत भाजून अर्धे भरड कुटा, अर्धे अख्खे ठेवा. तुमच्याकडे तर खुरासणी पिकते. मंद आचेवर भाजून कुटलेली चमचाभर खुरासणी घाला; मला तिळापेक्षा तिचा खमंगपणा या सॅलडात जास्त आवडतो.

सगळं ऐन वेळी कालवा, आधी कालवलं तर पाणी सुटतं.

खऱ्या वाकामेची हौस असेल तर ते सुकवलेलं मागवता येतं. माणशी पाच ग्रॅम खूप झालं, कारण भिजल्यावर ते आठ-दहा पट फुगतं. त्यात आयोडीन मात्र भरपूर. घरात कुणाला थायरॉईडचा त्रास असेल, तर त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वाकामे खावं. चायना ग्रासमध्ये आयोडीन फार थोडं असतं, त्यामुळे नेहमीच्या जेवणासाठी वर दिलेलं सॅलडच बरं.