देवमाशाचे वाटे

गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या तासाला सरांनी ‘मालमत्ता म्हणजे काय?’ ह्या प्रश्नावर दोन पानांचे टिपण लिहून आणायला सांगितले. मला प्रश्न अगदी सोपा वाटला. मालमत्ता म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव! त्याच सुमारास आमच्या घरी जमिनीची वाटणी चालली होती. पंधरा वर्षांत गावाकडे न फिरकलेल्या थोरल्या काकांचा हिस्सा कागदावर शाबूत होता. दर सुगीला पदर खोचून राबणाऱ्या आत्याकडून मात्र हक्कसोडपत्रावर सही घेतली गेली. आत्या काही बोलली नाही. मी हे सारे टिपणात मांडले. सरांनी खाली तांबड्या शाईने लिहिले, ‘हे कायद्याचे झाले. लामालेराविषयी वाचा’, आणि आपल्या कपाटातून रॉबर्ट बार्न्स ह्या मानववंशशास्त्रज्ञाचा ‘सी हंटर्स ऑफ इंडोनेशिया’ हा १९९६ साली निघालेला जाडजूड ग्रंथ काढून माझ्या हाती दिला. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे फळ आहे.

लामालेरा हे इंडोनेशियाच्या पूर्वेकडील लेंबाटा बेटावरचे गाव. नकाशात प्रथम फ्लोरेस बेट शोधावे, म्हणजे त्याच्या पूर्व टोकापुढे सोलोर, अदोनारा आणि मग लेंबाटा सापडते. जुन्या नकाशांत त्याचे नाव लोंब्लेन असे आहे. फ्लोरेसवरच्या लारांतुका बंदरातून बोटीने लेवोलेबा ह्या मुख्य गावी उतरायचे, आणि तेथून बेट ओलांडून दक्षिण किनारा गाठायचा. हा दुसरा टप्पा फळ्यांची बाके ठोकलेल्या मालट्रकमधून होतो. माणसे, कोंबड्या, तांदळाची पोती सारे एकत्र. ट्रक येण्यापूर्वी लोक पायी जात, नाहीतर नावेने.

गाव लाबालेकांग डोंगराच्या पायथ्याशी, खडकाळ उतारावर वसलेले आहे. शेतीला जमीन जवळजवळ नाहीच. आजच्या लोकांचे पूर्वज दुसरीकडून समुद्रमार्गे आले, व आधीपासून तेथे असलेल्या कुळांनी त्यांना राहायला जागा दिली, असे परंपरा सांगते. तेव्हा पोटासाठी उरला समुद्र. मांटा नावाचे अवाढव्य पाकट, शार्क, डॉल्फिन आणि सर्वांत मोठी शिकार म्हणजे दात असलेला देवमासा, इंग्रजीत ज्याला स्पर्म व्हेल म्हणतात तो. निळ्या देवमाशाला मात्र ते हात लावत नाहीत. त्याचे पूर्वजांवर उपकार आहेत अशी श्रद्धा आहे.

आता नावेकडे येऊ, कारण मालमत्तेचा धडा तेथेच आहे. त्या नावेला ‘तेना’ म्हणतात. लांबी साधारण दहा ते बारा मीटर. फळ्या एकमेकींना लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या, लोखंडी खिळा एकही नाही. शीड ताडाच्या जातीच्या पानांचे विणलेले. नाव एका माणसाची नसते. तिच्याभोवती एका कुळातील व नात्यातील घरांचा एक संघच असतो, आणि त्यात प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. पण हा वाटा आपल्या सातबाऱ्यासारखा निजून राहत नाही. नाव दुरुस्तीला काढली की वाटेकऱ्यांनी सामान पुरवायचे, सुतारांना जेवू घालायचे. वाटा म्हणजे आधी खर्च, मग मांस. हे वाचताना मला आमचे थोरले काका आठवले, हे कबूल करतो.

शिकारीचा हंगाम मे महिन्यात चर्चमधील प्रार्थनेने सुरू होतो. (गाव कॅथलिक आहे, धर्मप्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला.) त्याआधी समुद्रात गेलेल्यांच्या आत्म्यांसाठी वेगळी प्रार्थना होते. हंगाम नसतानाही कोणाला पाण्याचे कारंजे दिसले की ‘बालेओ! बालेओ!’ अशी आरोळी घरोघर पोहोचते आणि हातातले काम टाकून माणसे किनाऱ्याकडे धावतात. नावेच्या नाळेवर बांबूचा मंच पुढे काढलेला असतो. त्यावर ‘लामाफा’, म्हणजे भालाईत, उभा राहतो. भाला नुसता फेकून भागत नाही. सारे अंग त्यामागे घालून तो स्वतःच देवमाशावर उडी घेतो. दोर तुटतात, शेपटीच्या फटकाऱ्याने फळ्या फुटतात. १९९४ साली तर देवमाशाने नावा ओढत इतक्या दूर नेल्या की जमीन दिसेनाशी झाली. नावा गेल्या, माणसे कित्येक दिवसांनी एका जहाजाने वाचवली.

एवढे करून किनाऱ्याला आणलेले जनावर कोणाचे? भालाइताचे, असे मी म्हणालो असतो. तसे नाही. देवमाशाच्या अंगावर जणू अदृश्य रेषा आखलेल्या असतात. नावेवर गेलेल्यांचा वाटा वेगळा, संघातील वाटेकऱ्यांचे ठरलेले भाग वेगळे. भाल्याचे टोक घडवणारा लोहार, नाव बांधणारा सुतार, शीड करणारा, ह्यांनाही वाटे आहेत. डोक्याकडचा भाग जातो ज्यांनी पूर्वी जागा दिली त्या मूळ भूस्वामी कुळांकडे. किती पिढ्या लोटल्या, पण भाडे अजून फिटलेले नाही! आणि मिळालेला वाटा घरात राहत नाही. तो पुन्हा नातलगांत, शेजारी, विधवांच्या घरी वाटला जातो.

त्यापुढचे काम बायकांचे. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून, डोक्यावर टोपल्या घेऊन त्या डोंगरातल्या गावांत जातात, आणि वुलांदोनी येथे शनिवारी बाजार भरतो तेथेही. तेथला हिशेब ‘मुंगा’ ह्या मापात चालतो. एक मुंगा म्हणजे सहा नग. वाळलेल्या मांसाची एक पट्टी म्हणजे मक्याची बारा कणसे किंवा बारा केळी असा दर सांगितला जातो. डोंगरातल्या शेतकऱ्याला समुद्र ठाऊक नाही, कोळ्याला शेत नाही. मधली सारी वाट बायका चालतात. पुरुषांनी आणलेला देवमासा बायकांच्या पायांखेरीज मका होत नाही. माझ्या मते लामालेराचे खरे अर्थशास्त्र येथे आहे, भाल्याच्या टोकाशी नाही. पण परदेशी छायाचित्रकारांचा ओढा भाल्याकडेच!

मालमत्तेचा आणखी एक प्रकार तेथे आहे. लग्नात वराकडून वधूच्या कुळाला हत्तीचे दात द्यावे लागतात. बेटावर हत्ती नाही. दात शतकांपूर्वीच्या व्यापारातून आले आणि आता कुळाकुळांतून फिरत आहेत. उलट भेट म्हणून वधूकडून बायकांनी विणलेली वस्त्रे जातात. रूथ बार्न्स ह्यांनी १९८९ साली ह्या वस्त्रांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो चाळताना मी चमकलो. काही कुळांच्या ठेव्यांत गुजरातचे पटोळे आहेत! आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेले रेशीम तेथे पूर्वजांचे धन म्हणून जपले जाते, आणि त्याच्या नक्षीचा माग स्थानिक विणीत दिसतो.

हे सर्व जसेच्या तसे टिकलेले नाही. १९७० नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने एका नॉर्वेजियन शिकाऱ्यामार्फत आधुनिक पद्धत आणून पाहिली. ती रुजली नाही. पण बाहेरून बसवायची मोटार रुजली. आता यांत्रिक होड्या तेनांना ओढत नेतात. जाळीही आली. इंडोनेशियाने सावू समुद्रात संरक्षित क्षेत्र जाहीर करायचे ठरवले तेव्हा गावाने विरोध केला, आणि त्यांचे पाणी क्षेत्राबाहेर राहिले. देवमाशाच्या बाजूने विचार करणाऱ्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. मेलेल्या देवमाशाचे चित्र पाहून मी पान उलटले होते. तरी सबंध जगातले देवमासे संपवत आणले ते कारखानी जहाजांनी, ह्या पानांच्या शिडांनी नव्हे, एवढे म्हणायला हवे.

मला काळजी वाटते ती मोटारीची. नावेसाठी लाकूड रानात मिळते, शीड पानांचे होते, दुरुस्तीला नातलग येतात. पेट्रोल मात्र रोख रुपयांनीच घ्यावे लागते. बारा कणसे देऊन ते मिळत नाही. ज्याच्याकडे रोकड तो मोटार घेणार. आणि जाळ्यातला मासा पकडायला दहा-बारा माणसांची नाव लागत नाही, दोघे-तिघे पुरतात. मग लोहाराचा, शीड करणाराचा वाटा कशातून काढायचा? डोक्याचा भाग कोणाकडे पाठवायचा?

टिपण मी पुन्हा लिहून दिले. आत्याला देवमाशाची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘आणि त्या बायकांना येताना कणसांचं ओझं जड होत नाही का रे?’