विसार देण्याआधी सातबारा नीट वाचा

कराड किंवा विट्याजवळ गोडाऊनसाठी जागा बघताय? रस्ता, पाणी, भाव जुळला की आपण विसार देऊन मोकळे होतो. थांबा. आधी सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-2' आहे का बघा. सातारा-सांगलीत कोयना धरणग्रस्तांना पुनर्वसनात जमिनी मिळाल्यात. त्यातली वर्ग-2 ची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

दुसरं, जमीन वडिलोपार्जित असेल तर जुने फेरफार काढाच. बहिणींची नावं कुठे गेली? खरी गोची इथंच होते. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मापासून समान हिस्सा दिला. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी तो मिळतो, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे "दादा सही करतोय की" एवढ्यावर भागत नाही. खरेदीखतावर बहिणींच्या सह्या हव्यात, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र.