तर्काचा पाया आणि हेत्वाभास

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात गणेशाचे रूपक आहे. तेथे तर्क हा देवाच्या हातातील परशू म्हटला आहे. म्हणजे माउलींनी तर्क टाकून दिला नाही. तरी “भक्ताला तर्क कशाला?” असे पुष्कळ जण विचारतात. म्हणून या पाठात आम्ही त्याचाच विचार मांडीत आहोत.

अनुमानाचा पाया म्हणजे व्याप्ती. जेथे जेथे धूर, तेथे तेथे अग्नी, हा न चुकणारा संबंध. तो उलटा करून चालत नाही. लाल तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. म्हणून ‘अग्नी आहे, म्हणजे धूर असणारच’ हे म्हणणे फसते. हेतूसारखा दिसणारा, पण खरा हेतू नसलेला, तो हेत्वाभास. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात असे पाच सांगितले आहेत: सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध आणि बाधित.

आता आपल्या मानोऱ्याकडचेच पाहा. पावसाळ्यात शेतात साप चावतो. कोणी म्हणतं, “मांत्रिकाकडे न्या, त्याच्या हातानं माणसं वाचली आहेत.” वाचली असतील. पण बहुतेक साप बिनविषारी असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे चावले तरी दर वेळी विष अंगात जातेच असे नाही. मंत्राशिवाय वाचलेले किती, मंत्र होऊनही गेलेले किती, हे कोण मोजतो? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसे हे. हा सव्यभिचार हेतू झाला, आणि त्यापायी घरचा कर्ता माणूस जातो. चावलेल्याला चालू न देता थेट दवाखान्यात न्यावे. विष भिनले असेल तर प्रतिविषाची सुई हाच उपाय.

आता कोणी विचारील, व्याप्तीला आधार कशाचा? अनुभवाचा. मग अनुभवाला? अनुमानाचा म्हटले तर अन्योन्याश्रय, तिसरेच काही म्हटले तर त्यालाही चौथा आधार हवा, म्हणजे अनवस्था. कोठेतरी थांबावे लागते. अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात महाराज अज्ञानाचे खंडन करताना विचारतात, सगळेच अज्ञान झाले, तर अज्ञान आहे हे जाणणार कोण? जाणणारा नाही असे म्हणायलाही जाणणारा लागतोच. त्याला पुरावा मागता येत नाही, कारण सगळे पुरावे त्याच्यासमोरच येतात.

तर्काची शीव ती एवढी. शिवेपर्यंत मात्र त्याला सोडू नये. “अमुक केलं म्हणून तमुक झालं” असे ऐकले, की मंडळींनी दोन प्रश्न विचारावेत: ते न करताही तसे होते काय? आणि ते करूनही होत नाही, असे घडते काय?

रामकृष्ण हरि.